इमारतीतील वायुनलिका आणि त्यांची तपासणी

रस्त्याखालील मुख्य वाहिनीतून निघालेला इंधनवायू एका शाखेने इमारतीच्या तळघरात शिरतो, मापकातून पुढे जातो आणि उभ्या नळ्यांवाटे मजल्यामजल्यावर चढतो. भाडेकरूच्या दृष्टीस पडते ते चुलीमागील हातभर लांबीचे टोक. उरलेली सारी व्यवस्था भिंतीआड, जिन्याखाली किंवा कुलूपबंद तळघरात असते. ढोबळमानाने सांगावयाचे तर रस्त्यातील वाहिनी कंपनीची, इमारतीतील नळ्या मालकाच्या आणि चुलीची काळजी भाडेकरूकडे, अशी ही वाटणी आहे. वायूला मात्र ही वाटणी ठाऊक नसते. रस्त्यात गळलेला वायू मातीतून वाट काढून तळघरात येतो आणि एका बिऱ्हाडातील चूक शेजारची इमारत पाडू शकते. यामुळेच एरवी खाजगी मालकीची समजली जाणारी ही नळी नगराच्या कायद्याच्या कक्षेत येते. हा कायदा कसा घडत गेला, त्याने काय साधले आणि काय साधले नाही, हे पाहण्यास अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे उदाहरण उपयोगी पडते.

प्रथम वायूच्या स्वभावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन होय. तो हवेहून हलका असून गळला म्हणजे वर चढतो व छताखाली साचतो. याउलट, आपल्याकडील सिलिंडरमधील द्रवरूप वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरतो. मिथेन हवेत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी पेटतो, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. त्याचे प्रमाण शेकडा ५ हून कमी असेल तर मिश्रण पेटत नाही आणि सुमारे शेकडा १५ हून अधिक असेल तरीही पेटत नाही. या दोन मर्यादांच्या दरम्यान मात्र दिव्याच्या खटक्यातील ठिणगीही पुरेशी होते. घरगुती नळीतील दाब फारच अल्प असतो. जुन्या पद्धतीच्या वितरणात तो पाण्याच्या सहासात इंच उंचीच्या स्तंभाइतका, म्हणजे चौरस इंचास पाव पौंड असतो. साहजिकच बारीक छिद्रातून गळणारा वायू फुसफुसतही नाही. कानाला तो कळत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. राहिले नाक.

परंतु मूळ नैसर्गिक वायूला वासही नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सास राज्यातील न्यू लंडन येथील शाळेत जो स्फोट झाला, त्याचे मूळ याच गोष्टीत होते. खर्च वाचविण्यासाठी शाळेने तेलक्षेत्रातील टाकाऊ वायूच्या वाहिनीला जोड घेतला होता. इमारतीखालच्या पोकळीत वायू साचत गेला आणि कोणाच्याही ते लक्षात आले नाही. सुमारे तीनशे जण प्राणास मुकले. त्यांत बहुसंख्य मुले होती. त्यानंतर वायूत उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य मिसळण्याची सक्ती झाली. हवेत वायूचे प्रमाण पेटण्याच्या किमान मर्यादेच्या एक पंचमांश झाले की सर्वसाधारण माणसाला वास आलाच पाहिजे, असे अमेरिकेचा आजचा नियम सांगतो. आज स्वयंपाकघरात जो 'गॅसचा वास' म्हणून ओळखला जातो, तो वायूचा नव्हे, तर या द्रव्याचा वास होय. मातीतून जाताना हे द्रव्य काही वेळा शोषले जाते आणि वायू पुन्हा निर्गंध होतो, हेही लक्षात ठेवावयास हवे.

नळीचा दुबळा भाग बहुधा सांध्यात असतो. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीच्या अठराव्या मजल्यावर पहाटे एका भाडेकरू स्त्रीने चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. ती स्वतः वाचली, परंतु इमारतीचा एक संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला व चार जण मृत्यू पावले. चुलीच्या नळीवरील पितळी नट सदोष होता, असे चौकशीत दिसून आले. बोटाच्या पेराएवढ्या या वस्तूमुळे ब्रिटनमध्ये बांधकामाचे नियम बदलण्यात आले.

न्यूयॉर्कमधील अनेक निवासी इमारती शंभर वर्षांहून जुन्या आहेत. काही घरांच्या भिंतींत तर वायूच्या दिव्यांसाठी घातलेल्या नळ्या अद्याप तशाच आहेत. इमारतीतील नळ्या सामान्यतः मुलामा नसलेल्या काळ्या पोलादाच्या व आटे पाडून जोडलेल्या असतात. आटे पाडताना नळीची भिंत तेवढ्यापुरती पातळ होते आणि दमट तळघरात गंज प्रथम तेथेच धरतो. नवे नळकाम करावयाचे झाल्यास परवाना, दाबाची चाचणी व नगराची तपासणी ही पद्धत फार पूर्वीपासून होती. मात्र एकदा काम संमत झाले की पुढे पन्नास वर्षे त्या नळीकडे कोणी पाहावे, असे बंधन नव्हते. बांधणाऱ्यावर कायद्याची नजर होती, झिजणाऱ्या नळीवर नव्हती. ही उणीव उघड होण्यास दोन दुर्घटना घडाव्या लागल्या.

पहिली १२ मार्च २०१४ रोजी पूर्व हार्लेम भागात घडली. पार्क ॲव्हेन्यूवरील दोन पाच मजली इमारती सकाळी साडेनऊच्या सुमारास जमीनदोस्त झाल्या आणि आठ जणांचा अंत झाला. त्यापूर्वी जेमतेम पंचवीस मिनिटे एका रहिवाशाने वायूच्या वासाची तक्रार कंपनीकडे केली होती. वास काही जणांना आदल्या दिवशीही आला होता. परंतु कोणी कळविले नव्हते. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१५ मध्ये निष्कर्ष काढला तो दुहेरी होता. रस्त्याखालील प्लास्टिकच्या वाहिनीचा वितळवून केलेला सांधा सदोष होता, आणि शेजारच्या सांडपाण्याच्या वाहिनीला पडलेले भगदाड २००६ पासून ठाऊक असूनही बुजविण्यात आले नव्हते. त्या भगदाडातून माती वाहून गेली, वायुवाहिनी खचली आणि सांध्यावर ताण आला. म्हणजे एक दोष कंपनीकडे, तर दुसरा खुद्द नगराकडे होता.

दुसरी दुर्घटना वर्षभरानंतर, २६ मार्च २०१५ रोजी, सेकंड ॲव्हेन्यूवर झाली. तिचे स्वरूप निराळे होते. येथे नळी झिजली नव्हती. ती मुद्दाम चुकीची जोडली होती. तळमजल्यावरील उपाहारगृहाच्या मापकातून वरच्या बिऱ्हाडांना चोरून वायू दिला जात असल्याचे २०१४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या माणसांना आढळले व पुरवठा बंद झाला. पुढे शेजारच्या इमारतीतून दुसरी चोरटी जोडणी घेण्यात आली. स्फोटाच्या दिवशी कंपनीचे तपासनीस नव्या कामाची पाहणी करून, ते नापास ठरवून निघून गेले. त्यानंतर थोड्याच वेळात स्फोट झाला. दोन तरुण मृत्युमुखी पडले आणि तीन इमारती नष्ट झाल्या. इमारतीची मालकीण, कंत्राटदार व नळकाम करणारा यांना २०१९ मध्ये न्यायालयाने मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. तपासनीसांना दाखविली जाणारी नळी एक आणि प्रत्यक्ष वापरातली दुसरी, ही गोष्ट या प्रकरणात सर्वांत भयंकर वाटते. कारण तिच्यापुढे नुसती पाहणी दुबळी ठरते.

या दोन घटनांनंतर नगरपरिषदेने २०१६ मध्ये वायुसुरक्षेच्या कायद्यांचा एक संच मंजूर केला. नळकामात हात घालणाऱ्या प्रत्येक कामगाराची पात्रता एका कायद्याने ठरविली. दुसऱ्याने मालकावर असे बंधन घातले की, वायूचा वास आल्यास काय करावे हे त्याने भाडेकरूंना लेखी कळवावे: प्रथम बाहेर पडावे, मग आपत्कालीन क्रमांकावर व त्यानंतर कंपनीस कळवावे, मालकाला शेवटी. तिसऱ्याने पुरवठा सुरक्षिततेच्या कारणासाठी बंद केल्यास ही बाब चोवीस तासांच्या आत इमारत विभागास कळविणे आवश्यक केले. तोवर कंपनीस जे ठाऊक असे, ते नगराच्या दप्तरी पोहोचेलच असे नव्हते. संचातील सर्वांत व्यापक कायदा मात्र १५२ क्रमांकाचा, म्हणजे नियतकालिक तपासणीचा होय.

त्यानुसार एक व दोन कुटुंबांची घरे वगळता शहरातील प्रत्येक इमारतीच्या वायुनलिकांची चार वर्षांतून किमान एकदा तपासणी झाली पाहिजे. सर्व इमारतींवर एकाच वर्षी भार पडू नये म्हणून शहरातील विभागांची त्यांच्या क्रमांकानुसार चार वर्षांत वाटणी केली आहे. पाचही उपनगरांतील १, ३ व १० या क्रमांकांच्या विभागांची पाळी प्रथम, २०२० साली आली. परंतु महामारीमुळे त्या वर्षीच्या इमारतींना पुढील जूनअखेरपर्यंत मुदत द्यावी लागली. तपासणी परवानाधारक मुख्य प्लंबरने किंवा त्याच्या थेट देखरेखीखालील पात्र माणसाने करावयाची असते. तपासनीस वायू जेथे इमारतीत शिरतो तेथून आरंभ करतो. तळघर, बाष्पकाची खोली, मापकांची जागा, जिने व मार्गिका यांतील उघड्या नळ्या तो पाहतो, हातातील वायुशोधक यंत्र सांध्यांवरून फिरवितो, गंज, ढासळलेले आधार आणि बेकायदा जोड यांची नोंद करतो. तीस दिवसांत मालकाला अहवाल व साठ दिवसांत इमारत विभागाकडे प्रमाणपत्र जावे लागते. दोष आढळल्यास दुरुस्तीसाठी १२० दिवस, आणि सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळतात. धोका तत्काळ असेल तर मात्र कोणतीही मुदत नसते. तपासनीसाने तेथूनच कंपनीस, मालकास व विभागास कळविले पाहिजे.

या कायद्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तपासनीस भाडेकरूच्या दारापर्यंत येतो, आत जात नाही. त्यामुळे चुलीमागील सांधा, म्हणजे रोनन पॉइंटचा तो नट, त्याच्या नजरेबाहेर राहतो. भिंतीत पुरलेली नळीही दिसत नाही. पूर्व हार्लेमची गळती तर रस्त्यात होती. हा कायदा तेव्हा असता तरी तेवढ्याने ती टळली नसती. शिवाय तपासणी करणाऱ्याची निवड व त्याचे शुल्क मालकाकडे असते, आणि दोष दाखविणारा तोच पुढे दुरुस्तीचे कामही घेऊ शकतो. कोठे उगाच दोष काढण्याचा, तर कोठे दोषाकडे डोळेझाक करण्याचा मोह यातून उत्पन्न होतो. परवाना गमावण्याची भीती हा त्यावरचा मुख्य अंकुश आहे. तो प्रत्येक वेळी पुरा पडेल, असे मानता येत नाही.

आणि तपासणी प्रामाणिक असली तरी तिची किंमत कोण देतो, हा प्रश्न उरतोच. गळती सापडली की कंपनी झडप बंद करते. ती पुन्हा उघडण्यासाठी प्लंबर नेमावा लागतो, परवाना काढावा लागतो, दुरुस्ती करावी लागते आणि नंतर नळ्यांची दाबाची चाचणी द्यावी लागते. या चाचणीत नळीत चौरस इंचास तीन पौंड दाबाने हवा भरून अर्धा तास ठेवतात. मापकाचा काटा ढळता कामा नये. नेहमीच्या दाबाच्या सुमारे बारापट असा हा दाब होय. पाव पौंडाच्या दाबाखाली अनेक दशके निमूट राहिलेले जुने सांधे येथे एकामागून एक सुटू लागतात. एक दुरुस्त करावा तो दुसरा गळतो, आणि अखेर भिंती फोडून उभ्या नळ्याच बदलाव्या लागतात. तोवर सर्व बिऱ्हाडांच्या चुली बंद. विजेच्या एका लहान शेगडीवर कुटुंबाचा स्वयंपाक महिनोन् महिने, कोठे वर्षभराहूनही अधिक काळ करावा लागल्याची उदाहरणे न्यूयॉर्कमध्ये थोडी नाहीत. मालक तत्पर नसेल तर हाल आणखी वाढतात. अशा अनुभवाने पोळलेला भाडेकरू पुढच्या वेळी वास आल्यावर तक्रार करण्यास कचरतो, आणि सारी व्यवस्था तर त्याच्या तक्रारीवरच उभी असते. सुरक्षेच्या नियमाला दुरुस्तीच्या वेगाची जोड नसेल तर तो नियम स्वतःचाच पाया पोखरतो. न्यूयॉर्कला हे कोडे अद्याप पुरते सुटलेले नाही.

भारतातील वाचकाला येथे एक फरक जाणवेल. मुंबईत पूर्वी कोळशापासून केलेला वायू नळाने मिळत असे. नैसर्गिक वायूचे घरगुती वितरण १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाल्यानंतर वाढले. या नव्या जोडणीत उभी नळी बहुधा इमारतीच्या बाहेरील भिंतीवरून चढते. ती पावसाने भिजते, रंग मागते, पण डोळ्यांसमोर राहते आणि गळलेला वायू मोकळ्या हवेत विरतो. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतीत तीच नळी पोटात आहे.

न्यूयॉर्कने २०२१ मध्ये आणखी एक पाऊल उचलले. नव्या इमारतींत इंधन जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंधन घालणारा कायदा त्या वर्षी झाला आणि सात मजल्यांहून कमी उंचीच्या नव्या इमारतींना तो २०२४ पासून लागू झाला. त्यामागील हेतू मुख्यतः हवामानाचा आहे, स्फोट टाळण्याचा नव्हे. जुन्या इमारतींना तो लागू नसल्याने त्यांतील काळ्या नळ्या आणि त्यांची चार वर्षांची पाळी चालूच राहणार आहे. ज्या इमारतीत वायूची नळीच नाही, तिच्या मालकालाही या पाळीतून सूट मिळत नाही. दर चार वर्षांनी त्याला नोंदणीकृत स्थापत्यविशारदाचे किंवा अभियंत्याचे प्रमाणपत्र इमारत विभागाकडे धाडावे लागते. आपल्या इमारतीत वायुनलिका नाही, एवढाच त्यातील मजकूर असतो.