पडद्यावरून निदान होतं का?

प्रश्न : वाहिन्यांवरच्या चर्चेत मानसोपचारतज्ज्ञ नेत्याची भाषणं पाहून त्याला सरळ आजाराचं नाव देऊन टाकतात. हे योग्य आहे का?

उत्तर : अजिबात नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या 'फॅक्ट' मासिकाने बारा हजारांवर मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं धाडली : बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का? २४१७ उत्तरं आली. ११८९ जणांनी 'नाही' म्हटलं. ज्याला कधी तपासलं नाही, त्याच्या बालपणाबद्दलही काहींनी बेधडक लिहिलं. मला आदर वाटतो तो ५७१ जणांचा. पुरेशी माहिती नाही, असं त्यांनी कळवलं. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण मासिकावर भरलेला बदनामीचा खटला जिंकले. १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला : तपासणी आणि संमतीशिवाय जाहीर मत देऊ नये. ट्रम्प यांच्या काळात काही तज्ज्ञांनी तो झुगारला. समाजाला धोक्याची सूचना देणं आमचं कर्तव्य आहे, हा त्यांचा युक्तिवाद. तो प्रामाणिक असेलही, मला पटत नाही.

निदान करताना आम्ही झोप, भूक, चालू औषधं विचारतो, घरच्यांशी बोलतो, गरज पडली तर थायरॉइड तपासतो. यातलं पडद्यावर काय दिसतं? शिवाय आजाराचं नाव शिवीसारखं वापरलं, की गोळ्या लपवून घेणारा माझा रुग्ण आणखी आक्रसतो. नेत्याचे निर्णय, त्याची भाषा, त्याचं खोटं यावर तुम्ही जरूर बोला. त्यासाठी डॉक्टरच्या शिक्क्याची गरज नाही.