“तू काही इतकी काळी नाहीस गं!”

“उन्हात खेळू नकोस, काळी पडशील.” स्वयंपाक, डबे, गृहपाठ या धबडग्यात हे आपल्या तोंडून आपसूक निघून जातं. पाहुण्यांनी “सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस” असं म्हटलं की आपणही हसून मान डोलावतो. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण लेक ऐकत असते.

1940च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या मांडल्या. बाकी सगळं सारखं, फरक फक्त रंगाचा. छान कुठली, वाईट कुठली? बहुतेकांनी गोरीला छान म्हटलं. मग विचारलं, तुझ्यासारखी कुठली? तिथे काहींना रडूच कोसळलं.

कुठल्या आईनं पोराला जवळ बसवून हे शिकवलं असेल? तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा आणि बसमधल्या जागासुद्धा कायद्यानंच वेगळ्या होत्या. मुलं बघत होती, आपल्या परीनं अर्थ लावत होती. 1954 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांमधली ही फारकत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा क्लार्क यांच्या कामाचाही आधार घेतला.

आपल्याकडे तसा कायदा नाही. उलट घटनेचं 15वं कलम वंश आणि जातीवरून भेदभाव करायला मनाई करतं. पण रिवाज कुठे सुटतो? गोरं करण्याचा दावा करणारं एक क्रीम 1975पासून बाजारात आहे, त्याच्या नावातलं ‘फेअर’ जायला 2020 उजाडलं. स्नेहसंमेलनात परी कोण आणि राक्षस कोण, हे बहुतेकदा आधीच ठरलेलं असतं. ईशान्येकडून आलेल्या मुलांना चेहऱ्यावरून काय काय हाका मारतात, तेही आपण ऐकतो. 2014मध्ये दिल्लीत दिसण्यावरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि अरुणाचलचा एक विद्यार्थी जिवानिशी गेला. तेव्हा कुठे केंद्रानं या प्रश्नावर समिती नेमली.

म्हणून मूल “मला काळू म्हणतात” असं सांगत आलं की आपलं काळीज लक्कन हलतं. घाईघाईनं आपण म्हणतो, “लक्ष नको देऊस.” नाहीतर, “तू काही इतकी काळी नाहीस गं!” धीर द्यायला जातो आणि काळं असणं वाईटच, यावर नकळत शिक्का मारतो.

त्यापेक्षा आधी सगळं बोलू द्यावं. मधे तोडू नये. मग एवढंच सांगावं, “तुझा रंग छान आहे. चूक चिडवणाऱ्याची आहे.”

आणि चिडवणारं मूल आपलंच निघालं तर? लाजेनं धपाटा घालायच्या आधी “हे कुठे ऐकलंस?” असं विचारून बघू या. उत्तर कधीकधी आपल्याच दिवाणखान्यातलं असतं.

शाळेत तक्रार करताना आपलं बोट एकाच पोराकडे जातं. त्याला ओरडा बसतो, बाकीचे हळू आवाजात चिडवायला शिकतात. म्हणून बाईंना हेही विचारावं, की नाटकात भूमिका कशा देता? नाचात पुढच्या रांगेत कोण, हे कशावरून ठरतं? एकटीला विचारायला जीभ रेटत नाही, हे खरं. पण पालकसभेत दोघी-तिघींनी मिळून विचारलं, तर ‘एका आईची कुरकुर’ म्हणून शाळेला ते बाजूला सारता येत नाही.