सख्खे भाऊ, पण पक्के वैरी?

प्रश्न : 'रायव्हल्स' नावाचा एक फ्रेंच चित्रपट पाहण्यात आला. धाकटा भाऊ पोलीस, थोरला खुनापायी दहा वर्षं तुरुंगात काढून आलेला. पाहताना घरात सगळ्यांना सारखी 'दीवार'ची आठवण येत होती. फ्रेंचांनी ही कथा आपल्याकडून उचलली का? आणि दुसरी शंका अशी, की पोलीस अधिकारी अशा भावाला खुशाल घरी आणून ठेवतो, हे तिकडच्या कायद्यात बसतं का, की सिनेमा म्हणून सोडून द्यायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : उचलली नाही. ही कथा फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका खऱ्या घरातून आली आहे. मिशेल पापे आणि ब्रुनो पापे हे सख्खे भाऊ, त्यांतला एक गुन्हेगार आणि दुसरा पोलीस. पुढे दोघांनी मिळून आपल्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं. एकाच पुस्तकावर दोघांची नावं आहेत, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विलक्षण वाटतं. त्या पुस्तकावरून दिग्दर्शक जाक मायो यांनी 2008 साली चित्रपट केला. थोरल्याच्या, म्हणजे गाब्रिएलच्या भूमिकेत फ्रांस्वा क्लुझे, आणि धाकट्या पोलिसाच्या, फ्रांस्वाच्या भूमिकेत गियोम काने.

चित्रपटाचं मूळ फ्रेंच नाव 'ले लियँ द्यु सां', म्हणजे 'रक्ताची नाती'. इंग्रजी बाजारात त्याचं 'रायव्हल्स' केलं गेलं आणि तिथेच घोटाळा झाला असं माझं ठाम मत आहे. 'सख्खे भाऊ पक्के वैरी' ही म्हण मनात धरून आपण बघायला बसतो आणि वैर शोधत राहतो. पण या दोघांची अडचण वेगळीच आहे. कामानं, स्वभावानं, भूतकाळानं त्यांनी एकमेकांचे वैरी व्हायला हवं, आणि ते काही केल्या त्यांना जमत नाही.

गाब्रिएल सुटतो तेव्हा फ्रांस्वा त्याला आपल्या घरात जागा देतो, काम शोधून देतो, दुरावलेल्या मुलांशी आणि पहिल्या बायकोशी त्याचं पुन्हा बोलणं व्हावं म्हणून खटपट करतो. वडिलांचा ओढा मात्र लहानपणापासून थोरल्याकडे. ज्यानं नाव घालवलं तो लाडका, आणि ज्यानं नाव राखलं त्याच्याकडे बघायला सवड नाही. हे आपल्याकडच्या कितीतरी घरांत दिसतं, तिथे पोलीसही नसतो आणि खूनही नसतो. शिवाय धाकटा काही धुतल्या तांदळासारखा नाही. ज्या माणसाला त्यानं स्वतः गजाआड केलं, त्याच्याच बाईत तो गुंतलेला आहे. भावाला 'सरळ वाग' म्हणून सांगणारा माणूस स्वतः वाकड्या वाटेवर उभा असल्यामुळे चित्रपट कुणा एकाच्या बाजूने बघता येत नाही. त्या बाईचं पुढे काय होतं ते सांगत नाही. तुम्ही पाहिलंय, इतरांनी अजून पाहिलेलं नसेल.

आता 'दीवार'. साम्य तुम्हाला जाणवलं ते खरंच आहे, पण ते उसनवारीचं नाही. पोलीस भाऊ आणि गुन्हेगार भाऊ ही जोडी आपल्याकडेही 'दीवार'च्या आधीपासून होती. 1961 च्या 'गंगा जमुना'त दिलीपकुमार दरोडेखोर होतो आणि त्याचा पोलीस भाऊ झाला होता नासिर खान, जो प्रत्यक्षातही त्याचा सख्खा धाकटा भाऊ. 1975 च्या 'दीवार'नं या जोडीच्या मधोमध आईला उभं केलं. आपल्या कथेत न्यायनिवाडा आई करते. पिस्तूल पोलीस रवीच्या हाती तीच देते आणि मरताना गुन्हेगार विजयचं डोकंही तिच्याच मांडीवर असतं. फ्रेंच चित्रपटात ही जागा रिकामी आहे. निवाडा करायला कुणीच नाही. वडील आहेत, पण त्यांचं माप आधीच एका बाजूला झुकलेलं. त्यामुळे धाकट्याला रोज सकाळी उठून स्वतःच ठरवावं लागतं की आज आपण कोण, भाऊ की पोलीस. माझ्या मते दोन्ही चित्रपटांतला खरा फरक हाच.

हे सगळं ल्योंमध्ये घडतं, यालाही अर्थ आहे. फ्रान्सच्या पोलिसी इतिहासात पॅरिसइतकंच वजन या शहराला आहे. 1910 साली एडमाँ लोकार यांनी इथल्या न्यायालयाच्या इमारतीत, अगदी वरच्या पोटमाळ्याच्या खोल्यांत, न्यायवैद्यक तपासाची प्रयोगशाळा सुरू केली. पोलीस प्रयोगशाळांची परंपरा तिथून मोजतात. दोन वस्तूंचा स्पर्श झाला की एकीची खूण दुसरीवर राहतेच, हे लोकार यांचं सूत्र आजही जगभरच्या तपास अधिकाऱ्यांना शिकवलं जातं. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना घडवणारी फ्रान्सची राष्ट्रीय संस्था शहरालगतच्या सँ-सीर-ओ-माँ-दॉरला आहे, आणि 1989 पासून इंटरपोलचं मुख्यालयही ल्योंमध्येच आहे.

पण पापे बंधूंच्या तरुणपणी, सत्तरच्या दशकात, याच शहराला लोक 'ऱ्होनकाठचं शिकागो' म्हणत. एडमाँ व्हिदाल याची 'ल्योंवाल्यांची टोळी' गाजत होती. 1971 च्या जूनअखेरीस स्ट्रासबुर्गच्या मुख्य टपाल कचेरीतून एक कोटी फ्रँकहून जास्त रक्कम लुटली गेली, ती या टोळीच्या नावावर आहे. 3 जुलै 1975 च्या पहाटे, अजून अंधार असताना, तपास न्यायाधीश फ्रांस्वा रनो यांना ल्योंमध्ये त्यांच्या घराजवळ गोळ्या घातल्या गेल्या. गुन्हेगारांशी कडक वागणाऱ्या या न्यायाधीशांना शहर 'शेरीफ' म्हणायचं. मारेकरी कोण, हे न्यायालयात कधीच सिद्ध झालं नाही. पुढे त्या प्रकरणावरून इव्ह बुआसे यांनी चित्रपट केला. हा खून झाला त्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे 'दीवार' लागला होता. इकडे प्रेक्षक रवी-विजयसाठी रडत होते, आणि तिकडे गुन्हेगार भाऊ असलेला एक पोलीस अशा शहरातला होता, जिथे न्यायाधीशही सुरक्षित नव्हता. अशा वातावरणात पोलीस ठाण्यातले सहकारी त्याच्याकडे कोणत्या नजरेनं पाहत असतील, ते सांगायला नको.

एक गोष्ट आजचा प्रेक्षक विसरतो. त्या काळी फ्रान्समध्ये देहदंड होता आणि तोही गिलोटिननं. शेवटची अशी शिक्षा सप्टेंबर 1977 मध्ये मार्सेयच्या तुरुंगात दिली गेली. कायदा रद्द झाला तो ऑक्टोबर 1981 मध्ये. खुनाच्या प्रकरणात भावाला धरून देणं म्हणजे त्याची मान त्या पात्याखाली जाऊ शकते, ही शक्यता तेव्हाच्या पोलिसासमोर खरोखरीच होती. पुन्हा पाहाल तेव्हा हे लक्षात ठेवून पाहा.

आता तुमची कायद्याची शंका. शिक्षा भोगून सुटलेल्या भावाला घरात ठेवण्यात गुन्हा कसलाच नाही, तिकडे नाही आणि इकडेही नाही. प्रश्न येतो तो भावानं पुन्हा काही केलं आणि तो दार ठोठावत आला तर. इथे फ्रेंच कायदा आपल्यापेक्षा वेगळा वागतो, आणि हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबलो होतो.

गंभीर गुन्हा केलेल्याला राहायला जागा, लपायला आडोसा किंवा पैसे देऊन अटकेपासून वाचवणं हा फ्रान्समध्ये गुन्हा आहे. आजच्या दंडसंहितेत कलम 434-6 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कलमात पुढे सूट आहे. आई-बाप, मुलं, नवरा-बायको यांना ती आहे, आणि भाऊ-बहिणींना व त्यांच्या जोडीदारांनाही आहे. ही अलीकडची दयाबुद्धी नव्हे. नेपोलियनच्या काळातल्या 1810 च्या दंडसंहितेतही लपवणाऱ्या भाऊ-बहिणीला शिक्षेतून वगळलेलं होतं. आपल्याकडे जुन्या भारतीय दंडसंहितेचं कलम 212 आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम 249 फक्त पती-पत्नीला सूट देतं. भावाला नाही, आईलाही नाही. ज्या देशात भाऊबीज आहे, राखी आहे, 'भाऊबंदकी' हा शब्द आहे, तिथल्या कायद्यानं भावाला या यादीत घेतलं नाही आणि फ्रान्सनं घेतलं, हे मला अजून पचलेलं नाही. अर्थात आपलं ते कलम इंग्रजांच्या राजवटीतलं, 1860 चं आहे.

साक्षीचंही तसंच. खुनासारखे खटले जिथे चालतात त्या फ्रेंच न्यायालयात आरोपीच्या सख्ख्या भावाला बोलावता येतं, त्याचं म्हणणं ऐकता येतं; पण शपथ घालून त्याची साक्ष घेता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 335 तसं सांगतं. म्हणजे कायद्यानं जणू आधीच मान्य केलंय की भावासमोर भावाला उभं करून 'खरंच बोल' असं बजावणं माणुसकीला धरून नाही.

मग चित्रपटातल्या फ्रांस्वाला इतकं ओझं का? कारण तो भाऊ असला तरी सरकारी नोकरही आहे. फ्रान्सच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 40 म्हणतं की सरकारी कर्मचाऱ्याला कामाच्या ओघात गुन्ह्याची माहिती मिळाली, तर ती विनाविलंब सरकारी वकिलाला कळवलीच पाहिजे. तिथे नात्याची सूट लिहिलेली नाही. रात्री जेवणाच्या टेबलावर भाऊ म्हणून जे कळलं आणि सकाळी ठाण्यात कागदावर जे आलं, या दोन्हींमध्ये त्याला उभं राहावं लागतं. पटकथाकाराला वेगळा पेच रचावाच लागला नाही; तो कायद्यातच तयार होता.

फ्रेंच साहित्यात हा पेच जुना आहे. आरासमध्ये 1775 साली जन्मलेला व्हिदोक अनेकदा तुरुंगात गेला, अनेकदा पळाला, मग खबऱ्या झाला, आणि 1812 च्या सुमारास पॅरिसच्या गुन्हे-तपास पथकाचा प्रमुख बनला. हाताखाली माणसं घेतली तीही पूर्वीचे कैदीच. बाल्झाकनं त्याच्यावरून आपलं व्होत्रँ हे पात्र रंगवलं. पण तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा माणूस ह्यूगोच्या 1862 च्या 'ले मिझेराब्ल'मध्ये भेटतो. जाव्हेर हा कर्तव्यकठोर पोलीस तुरुंगातच जन्मलेला, बाप सक्तमजुरीचा कैदी, आई पत्त्यांवरून भविष्य सांगणारी. आपल्या रक्तापासून पळण्यासाठी तो पोलीस होतो, आणि मग तेच रक्त दुसऱ्यांत शोधत आयुष्यभर त्यांच्या मागे धावतो. गेल्या काही दशकांतल्या फ्रेंच पोलीसपटांतले तुटलेले बाप-लेक, भाऊ-भाऊ मला या जाव्हेरचे वंशज वाटतात.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक फौजदार राहायचे. त्यांचा थोरला भाऊ मटक्याच्या धंद्यात. दोघं एकमेकांच्या सावलीला उभे राहत नसत. पण भाऊबीजेला त्यांची बहीण एकाला सकाळी ओवाळायची, दुसऱ्याला दिवेलागणीला, आणि सकाळचं ताट न आवरता संध्याकाळपर्यंत तसंच झाकून ठेवायची. 'रायव्हल्स' पाहताना मला विजय-रवी आठवलेच नाहीत. ते झाकलेलं ताट आठवलं.

तुम्ही उत्सुकतेनं विचारलंत म्हणून आणखी एक सुचवतो. ज्या गियोम कानेनं इथे पोलिसाचं काम केलं, त्यानंच पुढे ही कथा न्यूयॉर्कला नेली. 2013 चा 'ब्लड टाइज' त्यानं दिग्दर्शित केला आणि जेम्स ग्रे यांच्याबरोबर लिहिला. काळ 1974, क्लाइव्ह ओवेन गुन्हेगार भाऊ, बिली क्रुडप पोलीस आणि जेम्स कान बाप. चित्रपट मोठा आहे, गाणी आणि गाड्या झकास आहेत, नट नामांकित आहेत. तरीही मला मूळचाच जवळचा वाटतो; त्यात क्लुझे भावाच्या घरात वावरताना जी अवघडलेली, ऋणी आणि तरीही मग्रूर चाल चालतो, ती दुसऱ्यात कुठे सापडली नाही. याच क्लुझेला कानेनं 2006 च्या आपल्या 'न ल दि आ पेरसॉन' या थरारपटात नायक केलं होतं आणि त्या कामासाठी क्लुझेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सेझार पुरस्कार मिळाला. म्हणजे आधी काने दिग्दर्शक आणि क्लुझे नट, मग दोघे पडद्यावर भाऊ. त्या दोघांमध्ये जी ओळखीची ऊब दिसते ती कदाचित तिथून आली असावी. घरच्यांना घेऊन 'ब्लड टाइज'ही पाहा, पण 'रायव्हल्स' मनात ताजा असतानाच. बापाच्या तोंडून थोरल्याचं नाव निघतं तेव्हा धाकट्याच्या चेहऱ्याकडे दोन्हींत लक्ष ठेवा.