विमानाचं थ्रीडी मॉडेल विकताय? आधी हे तीन प्रश्न विचारा



चाकण-भोसरी पट्ट्यात कॅडवर हात बसलेली मंडळी भरपूर. दिवसा गाडीच्या पार्टचं डिझाइन, रात्री थ्रीडी मॉडेल बनवून ऑनलाइन विक्री, हा जोडधंदा चांगला आहे. पण मॉडेल तेजस, सुखोई किंवा एफ-१६ चं असेल तर फाइल अपलोड करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. व्हिडिओत थोडक्यात सांगितलं, इथे सविस्तर बघू.

प्रश्न १: नाव कोणाचं?

आपल्या दारातलंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने चाकणला बनणारी इलेक्ट्रिक गाडी ‘बीई ६ई’ या नावाने आणली. ‘६ई’ हा इंडिगो विमान कंपनीचा कोड. इंडिगो दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आपला अर्ज वाहनांच्या वर्गात, म्हणजे वर्ग १२ मध्ये आहे, असं महिंद्राचं म्हणणं होतं. तरी डिसेंबरमध्ये गाडीचं नाव ‘बीई ६’ झालं. एका अक्षरासाठी एवढी मोठी कंपनी थांबते, तर आपण कोण?

ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ३० मध्ये वस्तूचं प्रामाणिक वर्णन करायला जागा आहे. पण वर्णन करणं वेगळं आणि कंपनीचा लोगो लावून ‘अधिकृत’ असल्याचा भास निर्माण करणं वेगळं. दुसरं कधीच करू नका.

प्रश्न २: आकार कोणाचा?

‘बॅटलफील्ड ३’ या गेममध्ये बेल कंपनीची हेलिकॉप्टरं होती. बेलची मालक कंपनी टेक्स्ट्रॉन आणि गेम कंपनी ईए यांच्यात २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात वाद गेला. ‘या कंपनीचा आम्हाला पाठिंबा नाही’ अशी सूचना गेमच्या पाकिटावर होती, तरी तो वाद लगेच निकाली निघाला नाही. शेवटी तडजोड झाली. म्हणजे सूचना जरूर लिहा, पण ती चिलखत समजू नका. ईएला वकील परवडतात. आपल्याला एक नोटीससुद्धा महागात पडते.

प्रश्न ३: माहिती कुठून आली?

हा सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या दोन प्रश्नांत पैसे जातात, इथे तुरुंग आहे.

फ्लाइट सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीतल्या एका रशियन डेव्हलपरने एफ-१६ ची मॅन्युअल्स ईबेवरून मिळवली. ती अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली होती. त्याला जॉर्जिया देशात अटक झाली, २०१९ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात दिलं गेलं आणि त्याने गुन्हा कबूल केला. धडा सरळ आहे: नेटवर विकत मिळालं म्हणजे वापरायला मोकळं झालं, असं नाही.

आपल्याकडे शासकीय गुपिते कायदा १९२३ आहे. देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने, शत्रूला उपयोगी पडेल असं स्केच, नकाशा किंवा ‘मॉडेल’ बनवणं कलम ३ खाली गुन्हा आहे. हो, ‘मॉडेल’ हा शब्द कायद्यातच आहे. शिवाय स्कोमेट यादीत वर्ग ५ मध्ये एरोस्पेस आणि वर्ग ६ मध्ये युद्धसामग्री येते. यादीतलं तंत्रज्ञान परवानगीशिवाय बाहेरच्या देशात पाठवता येत नाही. ईमेलने पाठवलेली ड्रॉइंगची फाइलसुद्धा निर्यात ठरू शकते.

आता आपल्या भागातला खरा धोका. तुमच्या शॉपमध्ये विमानाच्या पार्टचं जॉबवर्क येतं, ग्राहकाचं ड्रॉइंग कॉम्प्युटरमध्ये पडलेलं असतं, मॉडेल ‘हुबेहूब’ करायचा मोह होतो. तसं केलंत की गोपनीयतेचा करार मोडला, ऑर्डर गेली, आणि ड्रॉइंग संरक्षण खात्याचं असेल तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

आजचा गृहपाठ

- प्रत्येक मॉडेलसाठी एक फोल्डर ठेवा: कोणते फोटो, कोणतं पुस्तक, कुठून, कधी घेतलं.
- फक्त उघड प्रसिद्ध झालेले फोटो वापरा. लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे. तिथे स्वतः फोटो काढू नका.
- बाहेरून दिसतं तेवढंच बनवा. आतली मापं, रडार, शस्त्रांची जोडणी यात शिरू नका.
- ग्राहकाची ड्रॉइंग्ज वेगळ्या कॉम्प्युटरवर, पासवर्डखाली ठेवा. कामगारांनाही समजावून सांगा.
- परदेशातून ‘आतल्या तपशिलासकट हवं’ अशी ऑर्डर आली, तर पैसे कितीही असोत, आधी वकिलाला विचारा.

हुबेहूब मॉडेलला भाव जास्त मिळतो, हे खरं. पण ते हुबेहूबपण कुठून आलं, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. तेवढं जमलं तर धंदा बिनधास्त करा.

भेटू पुढच्या भागात!