श्वासावर लक्ष

पूर्वी शस्त्रक्रिया करताना रुग्णाला घट्ट धरून ठेवावे लागे. वेदनांनी तो ओरडत असे. १८४६ साली अमेरिकेत मॉर्टन या दंतवैद्याने इथरची भूल देऊन दाखवली. १८४७ साली एडिंबरोचे डॉ. सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरले. वेदना थांबल्या, पण नवी भीती आली. क्लोरोफॉर्मने काही रुग्ण दगावू लागले.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. या राज्याच्या राजधानीत डॉ. लॉरी यांनी १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मचे प्रयोग केले. निजामाने त्यासाठी पैसा दिला. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी विद्यार्थिनीही या कामात होती. रुग्णाच्या श्वासावर सतत लक्ष ठेवा, असे लॉरी शिकवीत. क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी बंद पडते, हे पुढे कळले.

शिक्षण संपल्यावर रूपाबाईंनी हैदराबादच्या रुग्णालयांत अनेक वर्षे भूल देण्याचे काम केले. १९०९ साली त्या अधिक शिकण्यासाठी एडिंबरोला गेल्या.

आज क्लोरोफॉर्मची भूल देत नाहीत. पण रुग्णालय मुंबईचे असो की भंडाऱ्याचे, शस्त्रक्रिया संपेपर्यंत भूलतज्ज्ञ रुग्णाच्या श्वासावर आणि हृदयावर लक्ष ठेवून असतो.

शब्दार्थ : शस्त्रक्रिया – ऑपरेशन; भूल – औषधाने आणलेली बेशुद्धी; दगावणे – मरण पावणे.

स्वाध्याय : क्लोरोफॉर्ममुळे कोणती नवी भीती निर्माण झाली?