जुन्या फिती, नव्या तबकड्या

आपणांपैकी कित्येकांच्या घरी कपाटाच्या तळाशी एखादी व्हिडिओ कॅसेट पडलेली असेल. तीत आत्याचे लग्न असेल, आज हयात नसलेल्या आजोबांचा आवाजही असेल. हा ठेवा नासतो कसा व राखावा कसा, हे जाणणे अगत्याचे आहे.

१९७६ साली जपानात निघालेल्या व्हीएचएस कॅसेटीत अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची फीत असते. तीवर लोह-ऑक्साइडच्या, म्हणजे गंजाच्याच जातीच्या, सूक्ष्म कणांचा थर असतो. त्यांच्या चुंबकत्वात चित्र व ध्वनी साठविलेले असतात. दमटपणाने हा थर सैल पडतो व फितीवर बुरशी चढते. आसनगावच्या पावसाळ्यात हे भय विशेष. बुरशी दिसल्यास फीत यंत्रात घालू नये. जाणत्याकडून स्वच्छ करून घ्यावी.

प्रत करण्याची रीत सोपी आहे. कॅसेटचे यंत्र एका छोट्या उपकरणाद्वारे संगणकास जोडतात. ते उपकरण चित्राचे अंकांत रूपांतर करते. मग ते अंक डीव्हीडी तबकडीवर उतरवितात. दोन तासांच्या फितीस पूर्ण दोन तास लागतात, म्हणून धीर हवा. परंतु विलंब नको. कारण अखेरपर्यंत ही यंत्रे बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली ते काम थांबविले.

पृथ्वीवरील ठेव्यास कसर व जंग लागते, ही प्रभूची शिकवण तबकडीसही लागू आहे. यास्तव एक प्रत तबकडीवर, दुसरी हार्ड डिस्कवर निराळ्या ठिकाणी ठेवावी. मूळ फीतही टाकू नये. आणि चित्रातील माणसांची नावे आजीस विचारून आजच लिहून ठेवावी. ते काम कोणत्याही यंत्रास साधणार नाही.