खोट्या हाकांनी अडलेला दूरध्वनी

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा पोलादनगरीत एका विभागाचा निरोप दुसऱ्या विभागास वेळेवर पोहोचणे ही केवळ सोय नव्हे. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. पूर्वी आवाज तांब्याच्या तारेतून जाई. इंटरनेट-दूरध्वनीत त्याची लहान लहान अंकमय पुडकी करून ती इतर माहितीच्याच वाटेने पाठवितात. खर्च वाचतो, पण त्या वाटेवरील धोकेही दूरध्वनीच्या वाट्यास येतात.

संभाषण जुळविण्याच्या रूढ संकेतास ‘सिप’ म्हणतात. त्याचे सुधारलेले नियम जून 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. बोलू इच्छिणारा प्रथम ‘आमंत्रण’ धाडतो. पलीकडील संगणक त्याची नोंद स्मृतीत ठेवतो, उत्तर देतो आणि पोचपावतीची वाट पाहतो. ही वाट सामान्यतः 32 सेकंद पाहावयाची असते. येथेच मेख आहे. भिलाई पॉवर हाऊस स्थानकाच्या खिडकीशी एकामागून एक माणसांनी यावे, गावाचे नाव सांगावे आणि पैसे न देताच निघून जावे, असे झाले तर खऱ्या उतारूस तिकीट कसे मिळणार?

समजा, एका यंत्रात 2,000 नोंदी मावतात आणि दर सेकंदास 100 खोटी आमंत्रणे येतात. 20 सेकंदांत सर्व जागा भरतील आणि पहिली नोंद पुसली जाण्यास आणखी 12 सेकंद लागतील. तेवढ्या वेळात भट्टीवरील कामगाराची मदतीची हाक आत शिरूच शकणार नाही. पुढे रिकामी होणारी प्रत्येक जागाही खोटी आमंत्रणेच बळकावू लागतील. यंत्र शाबूत, तार शाबूत. सेवा मात्र बंद! यालाच ‘सेवा-अवरोध’ म्हणतात.

कधी एवढ्या गर्दीचीही गरज नसते. फिनलंडमधील औलू विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम बिघडविलेली आमंत्रणे निरनिराळ्या उत्पादनांस धाडून पाहिली, तेव्हा विपरीत मजकूर वाचताना त्यांतील कित्येक कोलमडली. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेतील ‘सर्ट’ संस्थेने याविषयी जाहीर इशारा दिला.

उपाय या कारणांतूनच निघतात. आलेला मजकूर नियमबद्ध आहे की नाही, हे आधी तपासावे. पाठविणाऱ्याची ओळख पटेपर्यंत त्याच्यासाठी स्मृतीतील जागा अडवू नये. एका ठिकाणाहून येणाऱ्या आमंत्रणांस मर्यादा घालावी आणि सदोष आज्ञावली वेळीच सुधारून घ्यावी. संकटकाळासाठी निराळी, स्वतंत्र वाट राखणे हेही शहाणपणाचेच होय. दाराशी आलेल्या प्रत्येकाचे ऐकावे. पण त्याची ओळख पटल्यावाचून त्यास घरातील आसन देऊ नये, एवढाच या शास्त्राचा मथितार्थ आहे.